बोनेटवरचा चौकोन

आमच्या जावयाला भाव सांगता येत नसे. बाकी सगळं येतं. गाडीच्या रंगावरून उलटा हात फिरवला की ही गाडी झाडाखाली उभी राहते की उन्हात, मालक ती कोरड्या फडक्याने पुसतो की ओल्या, आणि ते फडकं त्याआधी स्वयंपाकघरात नांदत होतं का, हे तो सांगू शकतो. पण गिऱ्हाइकाने "किती होतील?" एवढं नुसतं विचारलं की दाराच्या चौकटीला डोकं लागेल असा हा माणूस मान खाली घालायचा, बुटांच्या टोकांकडे बघायचा आणि तोंडातल्या तोंडात म्हणायचा, "द्या की काय द्यायचं ते."

मी जन्मभर शिंपीकाम केलं. हे वाक्य माझ्या चांगलं ओळखीचं आहे. माझे एक चुलते याच वाक्यापायी दुकान घालवून बसले. "द्या काय द्यायचं ते" म्हटलं की सज्जन माणूस घाबरतो, कमी पडायला नको म्हणून जास्त देतो, आणि घरी गेल्यावर आपण फसलो असं वाटून पुन्हा फिरकत नाही. लबाड माणूस खुशीत कमी देतो आणि पुढच्या वेळी मेव्हण्यालाही घेऊन येतो. असं करत करत शेवटी दुकानात नुसते मेव्हणे उरतात. आमच्या खेड्यातल्या शाळेत मास्तरांनी नफा-तोटा छडी मारून शिकवला, पण भाव तोंडाने कसा बोलायचा हे काही शिकवलं नाही. ते ज्याचं त्याने शिकायचं.

लेकीने त्याला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हाच खरं तर मला समजायला हवं होतं. खुर्चीच्या कडेवर बसला. काय करता, असं विचारलं तर म्हणाला, "गाड्यांच्या रंगाला पॉलिश करतो." पगार किती, विचारलं तर लेकीकडे बघितलं. आकडा तिने सांगितला. मग बराच वेळ तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला वाटलं, काहीतरी मागायचं असेल, मुलीबद्दल बोलायचं असेल. शेवटी त्याला राहवेना. "बाबा, तुमचा चष्मा जरा देता का?" खिशातून मऊ फडकं काढलं, फुंकर मारली, आधी धूळ झटकली, मग पुसला, मग उजेडाकडे धरून परत पुसला. मी घातला तर समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं आहे असं दिसलं. रात्री आमच्या हिने विचारलं, "मुलगा कसा वाटला?" मी म्हटलं, "एकदम स्पष्ट."

मी त्याला जावईबापू म्हणतो आणि अहोजाहो करतो. माझी लेक त्याला अरे म्हणते. सरासरी बरोबर येते.

तेव्हा तो गाड्यांच्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये होता. तिथे गाडी चमकवत नसत, चमक फासत. तेलकट मलम चोपडलं की ओरखडे बुजतात, मालक खूश होतो, आणि दोनदा धुतली की सगळे ओरखडे परत उठून उभे. जावईबापूंना हे सोसेना. ते एकेक गाडी घेऊन दिवसभर बसायचे. मॅनेजर यायचा आणि म्हणायचा, "अहो, गाडी द्यायची आहे आपल्याला, आरसा नाही." तेव्हापासून सगळे त्यांना आरसाच म्हणायला लागले. एक दिवस आरसा नोकरी सोडून आला आणि टायरवाल्याच्या दुकानामागची पत्र्याची शेड भाड्याने घेऊन बसला.

शेड बघण्यासारखी आहे. ट्यूबलाइट छताला नाहीत, भिंतींना आडव्या, कमरेइतक्या उंचीवर लावलेल्या. ओरखडा वरच्या उजेडात लपतो आणि तिरक्या उजेडात उघडा पडतो. जमीन सतत ओली, धूळ उडू नये म्हणून. आणि एका दोरीवर मशीनची फोमची गोल पॅडं धुऊन वाळत घातलेली, पिवळी, पांढरी, काळी. लांबून वाटावं, या घरात बाळंतीण आहे आणि टोपडी वाळताहेत.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा विचारलं, "हे नक्की करता काय तुम्ही?"

"बाबा, गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. कागदाहून पातळ. ओरखडे त्यात पडतात. मी ओरखडा बुजवत नाही. त्याच्या आजूबाजूचं घासून त्याच्याइतकं खाली आणतो."

"म्हणजे एक बाही आखूड झाली म्हणून दुसरी कापायची."

त्यांनी नीट विचार केला. "हो. पण सगळ्याच बाह्या कापायच्या, आणि मालकाला कळता कामा नये."

"आणि किती वेळा कापता येतात?"

"फार वेळा नाही. थर संपला की संपलं. म्हणून तर जपून करायचं."

माणूस कामाबद्दल असा बोलतो. पैशाबद्दल विचारा, की बुटांच्या टोकांत उत्तर शोधतो.

माझी लेक दातांच्या डॉक्टरांकडे समोरच्या टेबलावर बसते. दिवसभर लोकांना दाढेचे भाव सांगते. मी एकदा तिला म्हटलं, "तुझं बरं आहे. माणूस आ करून पडलेला, नाही म्हणायला तोंडच मोकळं नाही." ती म्हणाली, "बाबा, भाव आ करायच्या आधी सांगायचा असतो. नंतर सांगितला तर त्याला लुटणं म्हणतात." तिचं हे असं. माझी पोरगी आहे, पण जीभ आईची.

तर झालं असं की शेडचा करार संपत आला. टायरवाला म्हणाला, या महिन्याच्या अखेरीला सांगा, वर्षभरासाठी घेताय की सोडताय. एक फर्निचरवाला गोदामासाठी तीच शेड मागत होता. शिवाय टायरवाल्याची अट अशी की कागदावर जोडीने सह्या हव्यात. "एकट्या आरशाची सही मी घेणार नाही," तो मला म्हणाला. "मागच्या वेळी मी भाडं सांगायला गेलो, तर हा मलाच म्हणतो, घ्या की काय घ्यायचं ते. मी पापभीरू माणूस. झोप लागेना मला."

इकडे सर्व्हिस सेंटरचा मॅनेजर निरोपावर निरोप पाठवत होता, की जागा रिकामी आहे, या परत. मलम चोपडायला.

लेकीने रात्रीच्या जेवणानंतर निकाल दिला. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट. "शेड सोड असं मी म्हणत नाही. पण शेडचं भाडं माझ्या पगारातून जातं आणि तू लोकांच्या गाड्या हौसेने घासतोस, हे मला आणखी वर्षभर नको. महिना संपायच्या आत एका गिऱ्हाइकाला तू स्वतःच्या तोंडाने भाव सांग, आणि त्याने तो पुरता दिला पाहिजे. एकच गिऱ्हाईक. मी तिथे नसेन. बाबा असतील, पण बाबा बोलणार नाहीत."

"मी का बोलणार नाही?" मी विचारलं.

"तुम्ही बोललात की गिऱ्हाईक भाव विसरतं आणि तुमच्या गोष्टी ऐकत बसतं."

"आणि नाही जमलं तर?" जावईबापूंनी विचारलं.

"तर पहिल्या तारखेला सर्व्हिस सेंटर."

जावईबापू ताट उचलून मोरीत गेले आणि ते एकच ताट पाऊण तास घासत बसले.

आता भाव सांगायचा तर आधी तो ठरवायला हवा. त्यावर आमच्या घरात आठवडाभर खल झाला. मी म्हटलं, सगळ्या गाड्यांना एक भाव ठेवा. मी जाड्या माणसाकडून कधी शिलाई जास्त घेतली नाही. कापड त्याचं, पोट त्याचं, टाके तेवढेच. जावईबापू म्हणाले, "बाबा, मोठ्या गाडीच्या छपराला स्टूल लागतं. तुम्हाला कुठल्या माणसाला स्टूल लागलं का?" मी म्हटलं, लागलं होतं, आणि त्या उंच हवालदाराची गोष्ट सांगायला घेतली, तर लेक म्हणाली, "बाबा, पुढे."

मग तासांवर भाव लावायचा ठरलं. पण जावईबापूंना काम आवडलं की तास वाढतात. लेक म्हणाली, "म्हणजे तुझ्या मजेचे पैसे गिऱ्हाइकाने भरायचे?" तेही खरं. मग रंग जितका खराब तितका भाव जास्त, असं मी सुचवलं. त्यावर जावईबापूंचा चेहरा असा पडला, की मी जणू त्यांच्या मित्रांवर कर बसवला. "खराब रंग असला तर खरी मजा असते हो बाबा. त्याचे जास्त कसे घ्यायचे? नवीन गाडी आली की मला कंटाळा येतो. तिचे जास्त घ्यावेसे वाटतात." आता बोला. याच हिशोबाने ते आजवर पैसे घेत आले होते. म्हणून गावातली प्रत्येक भंगार गाडी त्यांच्या दारात आणि चांगली गाडी दुसरीकडे.

शेवटी लेकीनेच ठरवलं. लहान गाडी पाच हजार, मोठी सात, रंग फारच वाईट असेल तर वर हजार. मजा फुकट. मग सराव सुरू झाला. ती गिऱ्हाईक व्हायची, की हे हसायचे. मी गिऱ्हाईक व्हायचो, की मीच गोष्ट सांगायला लागायचो. एकदा सकाळी मी बघितलं, तर जावईबापू कपड्यांच्या कपाटापुढे उभे राहून स्वच्छ आवाजात म्हणत होते, "पाच हजार होतील." कपाटाने घासाघीस केली नाही. मला आशा वाटली.

पण शेडमध्ये गेल्यावर त्यांनी भलतीच युक्ती काढली. गिऱ्हाईक आलं की बोनेटवर चिकटपट्ट्या लावून तळहाताएवढा चौकोन आखायचा. मशीन फिरवून तेवढाच चमकवायचा, फुकट. मग पट्ट्या काढायच्या आणि बाजूला उभं राहायचं. मला म्हणाले, "बाबा, आता मला बोलायलाच नको. चौकोन बोलेल. तो बघून माणूस आपणहून म्हणेल, पाच हजार घ्या."

मला बोलायची बंदी होती, नाहीतर तेव्हाच सांगितलं असतं. एक बाही शिवून दाखवली म्हणून आजवर कोणी सूट शिवायला टाकलेला नाही.

पहिला आला ड्रायव्हिंग स्कूलवाला. त्याची पांढरी गाडी म्हणजे शिकाऊ पोरांनी खांबांशी केलेली ओळखपरेड. चौकोन झाला. पट्ट्या निघाल्या. मी पुढे सरकून बघितलं, तर त्या चौकोनात छताच्या पत्र्याची एकेक पन्हळ मोजता येत होती. ड्रायव्हिंग स्कूलवाला म्हणाला, "वा." जावईबापू वाट बघत राहिले. तो म्हणाला, "झकास. एवढंच पुरे." आणि गाडीत बसून गेला. दुसरा औषधांच्या दुकानाचा मालक. तो म्हणाला, विचार करून सांगतो. तिसऱ्याने चौकोनात बघून भांग पाडला, हसला आणि निघून गेला. विचारायचं ते जावईबापू विचारत नव्हते, आणि सांगायचं ते चौकोन सांगत नव्हता.

महिना सरत चालला तशा रस्त्यात चौकोनवाल्या गाड्या दिसायला लागल्या. सिग्नलला थांबलं की एखाद्या मळक्या बोनेटवर मधोमध लखलखीत तुकडा. कोणाला वाटे तिथलं स्टिकर काढलंय, कोणाला वाटे ठोकर लागून तेवढंच रंगवलंय. टायरवाला पाना खाली ठेवून म्हणाला, "आरशा, तुझं गिऱ्हाईक लांबून ओळखू येतं बघ. प्रत्येकाला पोस्टाचं तिकीट लावून पाठवतोस. आता पत्रं कुठं पोचतात ते बघ."

जावईबापू हसले. पण त्या रात्री ते नीट जेवले नाहीत, आणि मी त्यांना सर्व्हिस सेंटरचा जुना निळा शर्ट कपाटातून काढून उशाशी घडी करून ठेवताना बघितलं.  मी तो शर्ट उचलून त्याचं एक बटण सैल आहे असं सांगितलं आणि माझ्या खोलीत नेऊन ठेवला. बटण चांगलं घट्ट होतं.

महिना संपायला दोनच दिवस उरले होते तेव्हा दुपारी शेडसमोर गडद निळी छोटी गाडी येऊन थांबली. बोनेटवर चौकोन. आतून मुख्याध्यापिका बाई उतरल्या. निम्म्या गावाला गणित शिकवलेल्या बाई. त्यांना बघून टायरवाल्याने तोंडातली सुपारी गिळली आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली. त्या मला शिकवायला नव्हत्या, पण पाठीला काय कळतं.

"हे तुम्हीच केलंत ना?" बाईंनी बोनेटकडे बोट दाखवलं.

"हो बाई."

"गेल्या आठवड्यात मी बघू म्हणून गेले. तेव्हापासून शाळेच्या दारात मला रोज चारजण विचारतात, बाई, कुठे धडकली? शिपाई विचारतो. मुलं विचारतात. काल माझी बहीण आली, तर म्हणाली, बोनेट बदललंस आणि मला सांगितलं नाहीस. इतकी वर्षं ही गाडी सगळीकडून सारखी मळकी होती, तोवर कोणी एक शब्द बोललं नाही."

"मग बाई, आपण सगळीच..." जावईबापूंनी तोंड उघडलं.

"सगळी नको. मला माझी गाडी होती तशी करून द्या. हा चौकोन घालवा."

जावईबापूंना आधी कळलंच नाही. "घालवू म्हणजे?"

"म्हणजे पहिल्यासारखा करा. मळका. बाकीच्यासारखा."

"परत ओरखडे पाडू?"

"तुम्हीच केलंत ना? तुम्हालाच जमेल. आणि फुकट नको मला. काम आहे ते काम आहे. काय घ्याल ते आधी सांगा."

मी स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरली. आता येणार. मान खाली, बुटांची टोकं, द्या की काय द्यायचं ते. आणि पहिल्या तारखेला निळा शर्ट. मी डोळे मिटले आणि जीभ दातांखाली घट्ट दाबून धरली, नाहीतर मीच काहीतरी बोललो असतो.

"आठ हजार," कोणीतरी म्हणालं.

मी डोळे उघडले. मला वाटलं टायरवाला बोलला. टायरवाला माझ्याकडे बघत होता. जावईबापूंनी स्वतःही किंचित मागे वळून बघितलं, की कोण बोललं. पण त्यांची मान ताठ होती आणि कान लाल झाले होते.

"आठ हजार?" बाई म्हणाल्या. "घाण करायचे?"

"हो बाई. चमकवणं सरळ काम आहे, सगळीकडे सारखंच करायचं. पण हे जुळवायचं कसं? तुमच्या गाडीवर कसले कसले ओरखडे आहेत. फांद्यांचे आहेत, मांजराचे आहेत, फडक्यांचे गोल गोल आहेत, आणि कोणीतरी काहीतरी ठेवून ओढल्याचे आहेत."

"पेपरांचा गठ्ठा. दोरीची गाठ घासते."

"तेच. ते सगळं मला एवढ्या तुकड्यात हाताने काढावं लागेल, एकेक, आणि कडा जुळवाव्या लागतील. इतक्या वर्षांत जे आपोआप झालं ते मी एका दुपारी कसं करू? वर तो थर पातळ होणार तो होणारच. आणि..." इथे ते अडखळले, पण थांबले नाहीत. "आणि मला ते करायला अजिबात आवडणार नाही. त्याचेही पैसे धरलेत."

बाईंनी पर्स काखेत मारली. गणिताच्या बाईंना आकडा असा अर्धवट सोडवत नाही. "न आवडण्याचे किती धरलेत?"

"निम्मे."

"म्हणजे आवडलं असतं तर चार हजार."

"हो."

"आणि गाडी चमकवायला तुम्हाला आवडतं?"

"फार."

"मग अख्ख्या गाडीचे किती?"

हा प्रश्न म्हणजे नेहमीचाच. याच प्रश्नाला आजवर त्या माणसाची मान मोडत आली होती. आणि मी बघितलं, की ती आताही हळूहळू खाली चालली. नजर बाईंच्या चेहऱ्यावरून घसरली, बोनेटपाशी आली. पण बुटांपर्यंत पोचायच्या आधी चौकोन लागला. ते त्या चौकोनाकडे बघत राहिले. जणू कोणी त्याच्यावर घासायला सँडपेपर उचललाच आहे.

"पाच हजार," ते म्हणाले.

"चार का नाही? आवडतं म्हणालात ना?"

"चौकोन एवढासा होता बाई. गाडी अख्खी आहे."

"पण चौकोन आधीच झालेला आहे. तेवढे वजा करा."

"तो फुकट होता," जावईबापू म्हणाले. "फुकटातून वजा काय करणार बाई? गणित तुम्हीच शिकवता."

टायरवाला खोकल्याच्या निमित्ताने दुकानात पळाला. बाईंनी जावईबापूंकडे रोखून बघितलं. मला वाटलं, आता अंगठे धरून उभं करतात. मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "हे बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "याचे पुरते गुण." आणि गाडीची किल्ली स्टुलावर माझ्या शेजारी ठेवून रिक्षा शोधायला निघाल्या. जाता जाता मला म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही काही बोलत नाही?"

मी मान हलवली. माझ्या जिभेला खरोखरच दातांचे वळ पडले होते.

दुसऱ्या दिवशी गाडी झाली. आधी धुतली, मग चिकणमातीसारखी मऊ वडी ओल्या रंगावरून फिरवून आत रुतलेली खडबड काढली, मग मशीन. मी दिवसभर बसून होतो. निळ्या रंगाखालून आणखी एक निळा रंग वर येत होता. घासल्यावर चौकोन कुठे होता ते त्यांना स्वतःलाही सापडेना. संध्याकाळी बाई आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली, पाच हजार मोजून दिले आणि म्हणाल्या, "आता शाळेची भिंत मळकी दिसणार." बस्स. तक्रार आहे की कौतुक, कळलं नाही. त्या निम्म्या गावाशी अशाच बोलतात.

घरी लेकीने माझी उलटतपासणी घेतली.

"भाव कोणी सांगितला?"

"त्यांनीच."

"तुम्ही?"

मी जीभ बाहेर काढून दाखवली. तिने दातांच्या दवाखान्यात बघतात तशी वाकून बघितली.

"पहिल्यांदा काय म्हणाला?"

"आठ हजार."

"कशाचे?"

"गाडी खराब करायचे."

ती खुर्चीत बसली. मग मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, हवालदाराची गोष्ट न आणता. ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. जावईबापू दारात उभे होते. तिने विचारलं, "अरे, पण तिथे एकदम कसं जमलं तुला?"

ते म्हणाले, "चांगलं काम करायचे पैसे मागताना मला नेहमी वाटतं, आपल्याला तर मजाच आली, वर पैसे कसले मागायचे. पण बाईंनी खराब कर म्हटलं ना, तेव्हा ते किती महाग पडेल ते मला एकदम कळलं. पोटातच कळलं. मग चांगल्याचा भाव सांगायला सोपं गेलं."

लेकीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ठीक आहे. पण त्या बाई आहेत. त्यांनी विचारलं की सगळेच उत्तर देतात, वर्गात उभं राहून द्यावं तसं. साध्या माणसाला सांगशील का?"

जावईबापू दाराची कडी पुसायला लागले.  एवढ्या छान संध्याकाळी हा एक खिळा राहून गेला.

दुसऱ्या दिवशी महिन्याची अखेर. लेकीने अर्धी सुट्टी घेतली आणि आम्ही दोघं टायरवाल्याच्या दुकानात गेलो. टायरांच्या चळतीवर त्याने करारनामा पसरला, जावईबापूंची सही सकाळीच झालेली. लेकीने पेन उघडलं, पण टेकवलं नाही. टायरवाला म्हणाला, "ताई, फर्निचरवाला संध्याकाळी येतोय. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा." ती म्हणाली, "थांबा जरा." कशासाठी थांबा ते सांगेना.

दुकान आणि शेड यांच्यात नुसता पत्रा आहे. पलीकडे गाडीचं दार वाजलं. एका बाप्याचा आवाज आला, अनोळखी, घाईतला. "तुम्हीच का ते? बाईंची गाडी तुम्हीच केलीत ना? माझी ही आहे. किती होतील?"

लेकीने पेन तसंच धरलं. मी माझी जीभ सवयीने दातांखाली घातली. टायरवाला पान्याने टायर ठोकत होता, तोही थांबला.  मला ती बुटांची टोकं दिसत होती, पत्र्यातून.

मग आवाज आला. "मोठी आहे. सात हजार." इतक्या मोठ्याने, की आमच्या बाजूचा पत्रा हलला.

"अरे, हळू," टायरवाला पत्र्याला तोंड लावून म्हणाला. "गिऱ्हाईक बहिरं नाहीय."

"काहीतरी कमी करा की," तो बाप्या म्हणाला.

"चौकोन दाखवू?" जावईबापूंनी विचारलं, आणि मी जीभ आणखी घट्ट चावली. पण लगेच त्यांचं त्यांनीच म्हटलं, "नको. चौकोन बंद केलेत. सातच होतील. सकाळी आणून सोडा, आणि आतलं सामान काढून आणा, मला लोकांच्या छत्र्या सांभाळायला होत नाही."

तो बाप्या काहीतरी पुटपुटला. त्यातलं आम्हाला एवढंच कळलं, की सकाळी किती वाजता.

लेकीने सही केली. शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर मारली, पेन बंद केलं आणि टायरवाल्याला म्हणाली, "आता भाड्याचं बोलू. तुम्ही सांगा, मग मी सांगते." टायरवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले आणि सात हजारांची गाडी कशी आहे ते बघायला मागच्या दाराने शेडमध्ये गेलो.